खंडेनवमीला पुजलेलं कार्ड

आमच्या गल्लीतल्या बायकांच्या भजनी मंडळात माझी बायको गायची, पण तिचा गळा काही विशेष नव्हता. हे मी ती असताना तिला तोंडावर सांगितलंय, तेव्हा आता सांगायला हरकत नाही. मंडळात तिला मान होता तो मशीनमुळं. मशीन म्हणजे तळहाताएवढा रेकॉर्डर. मंडळानं वर्गणी काढून घेतलेला. बाकीच्या बायका त्याला हात लावायला भ्यायच्या, हिनं लावला, म्हणून तो हिच्याकडंच राहिला. नवीन चाल बसवली की ही बटण दाबायची, म्हणजे पुढच्या खेपेला चाल विसरली तर ऐकून घेता यावी.

बटण दाबलं की ती दर वेळेला विचारायची, "चालू झालं का गं हे?" तांबडा दिवा लागलेला असायचा. तिला दिसत असायचा. तरी विचारायची. मग खोकायची, आणि मग भजन सुरू व्हायचं.

कॉम्प्युटर पण घरात तिच्यामुळंच आला. आमची पोरगी वारणानगरला दिली आहे, जावई तिथं कारखान्यात आहे. त्यांनी नवा कॉम्प्युटर घेतला तेव्हा जुना हिनं मागून आणला. मी म्हटलं, आता हा मोडका डबा कुठं ठेवणार. तिनं शिलाई मशीन हलवून तिथं ठेवला. पोरीला फोन लावून लावून शिकली. रेकॉर्डरमधलं नखाएवढं मेमरी कार्ड काढायचं, कॉम्प्युटरला लावायचं आणि आतल्या प्रत्येक फाइलला नाव द्यायचं. रेकॉर्डर आपला नुसते आकडे घालायचा, ते तिला आवडायचं नाही. नावंही तिची तिनं ठेवलेली. भजनाचा त्यात पत्ता नसायचा. 'मंगळवारचं बरं.' 'तबला पुढं पळतोय.' 'अक्काला सर्दी.' 'परत घ्यायचं.' 'परत घेतलं तरी तसंच.'

मी चौथी शिकलोय. सगळं आयुष्य फौंड्रीत गेलं, आधी उद्यमनगरात, मग शिरोलीला. मोल्डर होतो. लाकडाचं पॅटर्न वाळूत दाबायचं, काढायचं, राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. ही मला घरी पण मोल्डरच म्हणायची, लोकांत सांगताना 'आमचं मोल्डर'. मला म्हणायची, मोल्डर, शिका की तुम्ही बी, सोपं हाय. मी म्हणायचो, मला काय करायचंय. तरी शेजारी बसून बसून थोडं आलं. फाइल उघडता येते, बंद करता येते, इकडची तिकडं टाकता येते.

ती उन्हाळ्यात गेली. फुफ्फुसाचं झालं होतं. ते सांगत बसत नाही.

माणसं आली, बसली, चहा पिऊन गेली. रेकॉर्डर फ्रिजवर होता तो तिथंच राहिला. मी तो लावून ऐकला नाही. उद्या ऐकू म्हणायचो. तिचा आवाज दुसरीकडं कुठं नव्हता. फोटोला उभी राहायची, पण फोनवर बोलून पाठवा म्हटलं की, समोर माणूस नसताना एकटीनं काय बोलायचं, येड्यागत, असं म्हणायची. त्यामुळं जे काही होतं ते त्या कार्डात, भजनाच्या आधी तेवढंच. ते घरात आहे एवढं माहीत होतं आणि तेवढ्यावर माझं भागत होतं.

नवरात्रात अक्का आल्या. अक्का म्हणजे मंडळाच्या पेटीवाल्या. माहेर निपाणीकडचं, कानडी शिवेवरचं, म्हणून सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते. ही त्यांना बहीण मानायची, म्हणून मी त्यांचा दाजी. कोजागिरीला मंडळाचा कार्यक्रम होता. त्यांना रेकॉर्डर पाहिजे होता, आणि कार्ड भरलेलं होतं. वर आणखी दोन-तीन चाली अशा होत्या की त्या हिनंच कुठून कुठून ऐकून आणलेल्या, कार्डाशिवाय कुणापाशी नव्हत्या. अक्का म्हणाल्या, दाजी, सगळं तुमच्या कॉम्प्युटरात घ्या आणि कार्ड मोकळं करून द्या. मागणं रास्त होतं.

मी मुहूर्त बघितला खंडेनवमीचा.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पुजतात. फौंड्रीत त्या दिवशी झेंडूच्या माळा, ऊस, सगळं असायचं. भोंगा झाला की हातातलं खाली ठेवायचं. थापी वाळूत असली तर वाळूत. निम्मा साचा दाबून झालेला असू दे, तो तसाच सोडायचा. पूजा झाली की दसऱ्याचं सोनं वाटेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. माझी थापी, ठोकणं आणि वाळू फुंकायचा भाता अजून घरात आहेत, मी दर वर्षी पुजतो. ही तिची विळी ठेवायची शेजारी. अलीकडं तो रेकॉर्डर आणि कार्डही ठेवायला लागली होती. मी हसलो तर म्हणाली, तुमचं हत्यार ते हत्यार, आन माझं काय खेळणं हाय?

तर सकाळी आंघोळ करून मी कॉम्प्युटरला बसलो. कार्ड लावलं. फाइली सगळ्या निवडल्या. आता दोन रस्ते असतात. कॉपी म्हटलं की एकाच्या दोन होतात, कट म्हटलं की इथली उचलून तिथं जाते. एकाच्या दोन करून जागा कशाला अडवा म्हणून मी कट म्हटलं. हिरवी पट्टी सरकायला लागली. जुना कॉम्प्युटर, पट्टी आपली गोगलगायीगत. निम्म्यावर आली आणि तिथं मला वाटतं जेवायला बसली.

इकडं पाट मांडलेला. थापी धुऊन ठेवलेली, विळी ठेवलेली, झेंडू आणलेला, उदबत्ती लावलेली. शेजारच्या घरातली घंटा वाजली. मला एवढंच कळलं की पूजेची वेळ झाली आणि हत्यार अजून कामावर आहे. मी कार्ड ओढून काढलं. पाटावर ठेवलं. हळद-कुंकू ओलं करून सगळ्यांना लावलं तसं त्यालाही लावलं, एक फूल ठेवलं, आणि नमस्कार केला. नमस्कार चांगला मनापासून केला.

दसऱ्यापर्यंत ते तिथंच, थापी आणि विळीच्या मध्ये. दसऱ्याच्या संध्याकाळी लोक सोनं देऊन गेले. मग मी कार्ड उचललं, पुसलं आणि परत लावलं. कॉम्प्युटरात निम्म्या फाइली तरी आल्या असतील म्हटलं. तिथं नुसती नावं होती, उघडली की आत काही नाही. आणि कार्ड उघडायला गेलो तर इंग्रजीत पाटी आली. फौंड्रीत ओतीव मालावरची इंग्रजी अक्षरं बघून बघून ओळखीची झालेली, त्यातनं 'फॉरमॅट' हा शब्द मला लागला. पाटी विचारत होती, करू का? खाली हो आणि नाही.

मी पोरीला फोन लावला आणि पाटीची अक्षरं एकेक करून वाचून दाखवली.

"आबा, काय दाबू नका," ती म्हणाली. "माऊसवरचा हात काढा आदी."

काढला. मांडीवर ठेवला.

"मधनंच ओढलं व्हय तुम्ही?"

"खंडेनवमी होती," मी म्हटलं.

मागं तिच्या घरात कुकर वाजत होता. मग म्हणाली, "आईचं बोलणं त्यातच हाय न्हवं?"

"व्हय."

मग तिनं रागवायचं सोडून दिलं, आणि ते मला जास्त वाईट वाटलं. फॉरमॅट म्हणजे काय ते तिनं सांगितलं. कार्ड म्हणतंय, माझ्यातलं मला काही कळेना, सगळं रिकामं समजून नवी सुरुवात करू का. तुम्ही हो म्हटला असता तर ते खुशाल करून मोकळं झालं असतं. शाहूपुरीत तिच्या माहितीतलं एक दुकान होतं, कार्ड कागदात गुंडाळून उद्या तिथं जा म्हणाली. कार्ड कशाला लावू नका, कुणाला दाखवू नका आणि पूजा करू नका.

दुकानदार जैन माणूस, माझ्यापेक्षा बराच लहान, चष्मा कपाळावर. कागद उघडला आणि कार्ड उजेडाला धरलं.

"पावणं, हे तांबडं काय हाय?"

"कुंकू."

"कार्डाला?"

"खंडेनवमी होती."

त्याच्याही दुकानात कॉम्प्युटरला झेंडूची माळ होती, सुकून लोंबत होती. त्यानं खोडरबरानं कार्डाचे पितळी दात घासले, फुंकर मारली. मग एवढंच म्हणाला, "पूजा आम्ही बी करतो. बंद करून करतो."

मला वाटलं आता लावेल आणि दुरुस्त करेल. त्यानं तसं केलं नाही. आधी अख्ख्या कार्डाचा नमुना काढला, जसंच्या तसं, त्यातल्या घाणीसकट. म्हणाला, दुरुस्तीचं प्रोग्रॅम असतं ते दुरुस्त करताना लिहितं पण, आणि एकदा चुकीचं लिहिलं की परत रस्ता नाही. म्हणून नमुन्यावर करायचं, मूळ कार्ड बाजूला ठेवायचं. हे मला पटलं. आमच्याकडं पण मूळ पॅटर्नला कानस लावायची कुणाची हिंमत नव्हती.

नमुना निघायला वेळ लागत होता. मी स्टुलावर बसून राहिलो. त्यानं विचारलं, काय हाय आत, कारखान्याचं काय? मी म्हटलं, बायकांची भजनं. त्यानं चष्मा खाली घेऊन माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, भजनाच्या आधी आमची मंडळी बोलते, ते पाहिजे. आता ती न्हाय.

तो बरं म्हणाला आणि स्टूल पंख्याखाली घ्या म्हणाला.

मग त्यानं सांगितलं ते मला माझ्या भाषेत असं कळलं. फौंड्रीत पॅटर्नची एक मोठी खोली होती. लाकडाची पॅटर्नं फळ्यांवर रचलेली, आणि दारातल्या भिंतीवर खडूनं लिहिलेलं, पंपाचं कुठल्या खणात, पुलीचं कुठल्या. एका दिवाळीला रंगाऱ्यानं त्या भिंतीला चुना मारला. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पॅटर्न एकही हललं नव्हतं, पण खोली उघडून उभं राहिलं की काही सापडत नव्हतं. शेवटी एकेक खाली उतरवून, फिरवून बघून, हे पंपाचं, हे पुलीचं, असं करावं लागलं. कार्डाचंही तसंच असतं. पुढच्या बाजूला एक भिंत असते, तिच्यावर कुठली फाइल कुठं सुरू होते ते लिहिलेलं असतं. कॉम्प्युटर माल बघत नाही, भिंत वाचतो. मी ओढलं तेव्हा तो भिंतीवरचं जुनं पुसून नवं लिहीत होता.

"म्हणजे माल हाय," मी म्हटलं.

"असला तर हाय. नावं मात्र गेली."

नमुना झाला. मग त्यानं काळ्या पडद्यावर एक ओळ लिहून तपासणीचं प्रोग्रॅम सोडलं. पांढरी अक्षरं पळायला लागली. मध्येच थांबली. त्यानं मला वाचून दाखवलं. कुणाच्या नावावर नसलेले तुकडे सापडलेत, त्यांच्या फाइली करून ठेवू का, असं ते विचारत होतं. एवढं अदबीनं मला त्या महिन्यात कुणी काही विचारलं नव्हतं. तो माझ्याकडं बघत बसला, जशी काय परवानगी माझी पाहिजे.

"ठेव म्हणावं," मी म्हटलं.

त्यानं बटण दाबलं.

एक नवीन फोल्डर तयार झालं आणि त्यात फाइलींची ही रांग. सगळ्यांचं नाव एकच, पुढं नुसता आकडा. 'तबला पुढं पळतोय' नाही, 'अक्काला सर्दी' नाही. तारखेच्या रकान्यात सगळीकडं आजची तारीख. कॉम्प्युटरच्या हिशेबानं ती हे सगळं आजच बोलली होती. नावाच्या शेपटाला गाण्याची अक्षरं लावली की वाजेल म्हणाला, आणि सगळ्यांची शेपटं बदलूनही दिली. एक लावून बघू का, असं त्यानं विचारलं. मी नको म्हटलं. दुकानात गिऱ्हाइकं होती. त्यानं सगळं एका पेनड्राइव्हवर घालून दिलं. सगळे तुकडे सुरुवातीपासून असतील असं सांगत नाही, एखाद्याचं मुंडकं गेलेलं असू शकतं, एवढं मात्र बजावलं.

मला त्या मुंडक्याशीच काम होतं. घरी येईपर्यंत रिक्षात मी तेवढाच विचार करत होतो.

दुपारी अक्कांना बोलावलं. मला भजनं सगळी सारखीच वाटतात, कुठली कुठली ते त्यांनाच कळणार. त्या खुर्ची ओढून बसल्या, आल्या आल्या विळी पाटावर अजून तशीच आहे म्हणून मला बोलल्या. मी पहिली फाइल लावली.

एकदम पेटी. मग तबला, मग सगळ्या जणी. शेवटपर्यंत गेली. अक्का मान हलवत होत्या, ओठ हलवत होत्या. आधी बोलणं नव्हतं.

दुसरी लावली. पेटी, तबला, भजन. तिसरी तशीच. चौथीत मी आवाज वाढवला, सुरुवातीची जागा परत परत लावली. पेटीच्या आधी नुसती खरखर. त्या खरखरीत कुणी नव्हतं. पुढं कोरसात ती होतीच, पण इतक्या गळ्यांत तिचा वेगळा काढणं मला जमेना, आणि मी आधीच सांगितलंय, तिचा गळा विशेष नव्हता.

मी माऊस सोडला. "अक्का, मुंडकी गेली," मी म्हटलं. "तुमची भजनं वाचली. घेऊन जावा."

"कसली मुंडकी?"

"ती बोलायची न्हवं सुरवातीला. ते गेलं."

अक्कांनी माझ्याकडं बघितलं, मग पडद्याकडं. "ही हिच्या आजारपणातली हायती दाजी," त्या म्हणाल्या. "तवा ती यायची, पण कोपऱ्यात बसायची. बटण मी दाबत होते. मी कशाला बोलू बटणासंगं? खालची लावा की."

मी खालची लावली.

खरखर. कुणीतरी सतरंजी झटकल्यासारखा आवाज. मग अगदी जवळून, कानात, "चालू झालं का गं हे?"

लांबून अक्कांचा आवाज, "दिवा लागलाय की!"

"दिवा लागतोय गं, पण घेतंय का बघाय नको? चला, लवकर आवरा. आमचं मोल्डर घरी तोंड वाळवून बसलं असंल. च्या बी करून घेणार न्हाय, लोखंडाचा च्या करायचा असता तर केला असता."

बायका हसल्या. ती खोकली. पेटी सुरू झाली.

अक्का पदर तोंडाला लावून हसत होत्या, आणि नंतर हसत नव्हत्या. मी भजन शेवटपर्यंत चालू दिलं. बंद करायचं सुचलं नाही म्हणून.

मग आम्ही खालपर्यंत गेलो. त्या दिवशी सगळं झालं नाही, दुसऱ्या दुपारी परत बसलो. काहींची मुंडकी खरंच गेलेली, भजन मधूनच सुरू व्हायचं. पण बऱ्याच ठिकाणी ती होती. विचारायची, खोकायची, कुणाला तरी काहीतरी सुनवायची. नावं घालायचं काम माझं. मी एका बोटानं घालत होतो. अक्का भजनाचं नाव सांगायच्या, मी ती सुरुवातीला काय म्हणाली ते घालायचो. अक्का म्हणाल्या, दाजी, 'लोखंडाचा च्या' ह्या नावावरनं मंडळातल्या बाईला काय कळणार? मी म्हटलं, तिनं ठेवलेल्या नावावरनं काय कळत होतं? मग आम्ही दोन्ही घालायचं ठरवलं. आधी भजन, मग तिचं.

शेवटाकडं एक फाइल आली, फार लांब. पेटी नाही, तबला नाही. कापडाची घासाघीस, चपलांचा आवाज, रस्त्यावरचे हॉर्न. ती कुणाला तरी मेथी कशी दिली विचारते आणि न घेताच पुढं जाते. पिशवीत बटण दबलं गेलं होतं. अक्का म्हणाल्या, ह्यात भजन न्हाय, पुसून टाका, जागा खातंय. मी म्हटलं, वाजू दे.

चपला जिन्यावर चढल्या. किल्ल्या वाजल्या. दार. आणि मग माझा आवाज, आतून, "आलीस व्हय?"

"न्हाय, अजून वाटंवरच हाय," ती म्हणाली. पिशवी कुठंतरी आपटली आणि संपलं.

पडद्यावर ती फाइल निळी होऊन नावाची वाट बघत होती. अक्कांनी विचारलं, काय घालताय? मी 'घरी आली' असं घातलं. भजनाची जागा मोकळी सोडली.

मंडळासाठी सगळं दुकानातनं आणलेल्या नव्या, मोठ्या कार्डावर घालायचं होतं. अक्कांना मी म्हटलं, बोलणं कापून देतो, शाहूपुरीवाला देतो म्हणालाय करून. त्या नको म्हणाल्या. ती तेवढं बोलली की आम्ही सुरू व्हायचो, ते न्हाय म्हटल्यावर ऐकून बसवताना कोण आदी आन कोण मागनं, मग कार्यक्रमात फजिती. ह्यात कुठं माया वगैरे नव्हती, त्या खरंच अडचण सांगत होत्या. ती लांबडी फाइल तेवढी मी कार्डावर घातली नाही. ती इथंच आहे.

ह्या वेळी कॉपी म्हटलं. एकाच्या दोन झाल्या तर होऊ देत. हिरवी पट्टी शेवटाला गेली. अक्कांना स्वयंपाकाची घाई, त्यांनी कार्डाला हात घातला. मी त्यांचा हात धरून बाजूला केला, जे मी एरवी केलं नसतं.

"थांबा. त्याला विचारू दे."

खाली कोपऱ्यात एक बारकं चित्र असतं, ते दाबून विचारायचं असतं, काढू का म्हणून. पोरीनं शिकवलंय. मी दाबलं. जरा वेळानं पाटी आली.

"काय म्हणतंय?" अक्कांनी विचारलं.

"आता काढलं तरी चालंल म्हणतंय."

"मग काढा की."

"काढतो," मी म्हटलं. "बसा जरा. च्या टाकतो."

अक्का उठता उठता परत बसल्या. मी आत जाऊन भांडं शोधायला लागलो.